गेल्या वर्षीचा भाव

न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवरच्या १०१ क्रमांकाच्या इमारतीतून ३० मार्च २००० रोजी एक पत्र बाहेर पडलं. लिहिणारे ज्युलियन रॉबर्टसन. मूळचे नॉर्थ कॅरोलायनातल्या सॉल्सबरी गावचे. १९८० साली जेमतेम ८८ लाख डॉलरवर त्यांनी ‘टायगर’ हा फंड सुरू केला आणि १९९८च्या उन्हाळ्यापर्यंत तो २,००० कोटी डॉलरच्या पुढे नेला. त्यांची रीत जुन्या वळणाची होती. चांगला धंदा रास्त भावात मिळाला तर घ्यायचा. भुक्कड धंद्याचा भाव फुगला की तो आधी विकायचा आणि पडल्यावर परत घ्यायचा. पत्रात त्यांनी गुंतवणूकदारांना कळवलं होतं, की आपण पेढी बंद करत आहोत.

कारण उघड होतं. १९९९ या एका वर्षात नॅसडॅक निर्देशांक ८५ टक्क्यांहून अधिक वाढला आणि टायगर सुमारे १९ टक्के घटला. नफ्याचा पत्ता नसलेल्या इंटरनेट कंपन्यांना हात लावायला रॉबर्टसन तयार नव्हते. त्यांच्या गुंतवणूकदारांना मात्र शेजारच्याचे दुप्पट झालेले पैसे दिसत होते. ऑगस्ट १९९८ पासून त्यांनी ७७० कोटी डॉलर काढून घेतले. पैसे काढले जातात तेव्हा फंडाला हातातले शेअर विकावे लागतात, विकले की भाव आणखी पडतो, भाव पडला की आणखी लोक पैसे काढतात. रॉबर्टसन या चरकात सापडले.

आता तारखा पाहा. नॅसडॅकने ५,०४८चं शिखर गाठलं ते १० मार्च २००० रोजी, म्हणजे पत्राच्या वीस दिवस आधी. तिथून तो जो घसरला, तो ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर जाऊन थांबला.

याच शहरात दुसरा एक माणूस होता, स्टॅनली ड्रकनमिलर. जॉर्ज सोरोस यांचा क्वांटम फंड ते चालवत. ताठरपणाचा आरोप त्यांच्यावर कोणी केला नसता. मत बदलण्यातच त्यांची ख्याती होती. १९९९च्या सुरुवातीला त्यांनी इंटरनेट कंपन्यांविरुद्ध सुमारे २० कोटी डॉलरची पैज लावली आणि थोड्याच दिवसांत ६० कोटी गमावले. मग त्यांनी तंत्रज्ञान जाणणारी तरुण पोरं नोकरीला घेतली, तेच शेअर विकत घेतले आणि वर्षअखेर ३५ टक्के नफ्यात आले. इथवर ठीक. २०००च्या आरंभी त्यांनी ते शेअर विकूनही टाकले होते. पण ऑफिसातली ती पोरं अजून त्याच शेअरमध्ये कमावत होती आणि ते रोज त्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. अखेर मार्चमध्ये, शिखराच्या अगदी तोंडाशी, ड्रकनमिलर यांनी ६०० कोटी डॉलरचे तंत्रज्ञानाचे शेअर पुन्हा उचलले. सहा आठवड्यांत त्यातले ३०० कोटी गेले. ही हकीकत त्यांनीच पुढे एका भाषणात सांगितली. एप्रिल संपता संपता ते सोरोस यांच्या फंडातून बाहेर पडले.

एकाने शैली बदलली नाही, दुसऱ्याने बदलली. महिन्याभराच्या अंतराने दोघेही मैदानाबाहेर. शैली बदलावी की नाही, असा सरळ प्रश्न विचारून इथे काही हाती लागत नाही. ती कधी बदलली आणि काय बघून बदलली, हे विचारलं तर लागतं.

शेअर निवडण्याच्या शैली म्हणजे गायकीतल्या घराण्यांसारखा प्रकार आहे. ‘व्हॅल्यू’वाल्यांचे मूळपुरुष बेंजामिन ग्रॅहम, डेव्हिड डॉड यांच्यासह त्यांचा ग्रंथ आला १९३४ मध्ये, महामंदीच्या ऐन काळात. कंपनीची मालमत्ता, नफा, लाभांश मोजायचा आणि त्या मानाने स्वस्त मिळेल ते घ्यायचं. ‘ग्रोथ’वाल्यांचे टी. रो प्राइस, बाल्टिमोरचे. १९५० मध्ये त्यांनी वाढत्या कंपन्यांचा स्वतंत्र फंडच काढला. आज महाग दिसली तरी चालेल, पण कंपनी झपाट्याने वाढणारी हवी. पुढे छोट्या कंपन्यांचे वेगळे, दर्जा बघणारे वेगळे, आणि नुसता चढता भाव बघणारे ‘मोमेंटम’वाले आणखी वेगळे. १९९२ साली मॉर्निंगस्टार या संस्थेने फंडांसाठी नऊ चौकोनांची पेटी छापली: आडव्या रांगेत व्हॅल्यू, मिश्र आणि ग्रोथ, उभ्या रांगेत मोठ्या, मध्यम आणि छोट्या कंपन्या. प्रत्येक फंडाला एक चौकोन. सोय मोठी झाली. पण त्या दिवसापासून सामान्य गुंतवणूकदाराच्या डोक्यात एक नवा किडाही शिरला. आता कंपन्यांची तुलना करायची गरज उरली नाही, चौकोनांची केली की झालं. कोणता चौकोन पुढे आहे?

गाण्यातलं घराणं कोणी एका मैफिलीच्या टाळ्या मोजून बदलत नाही. बाजारात बदलतात, आणि ते का हे समजायला न्यूयॉर्कपेक्षा लासलगाव जवळ पडतं.

एखाद्या वर्षी कांद्याला सोन्याचा भाव येतो. पुढच्या हंगामात ज्याच्या त्याच्या वावरात कांदा. प्रत्येकाने गेल्या वर्षीचा भाव बघून रोप लावलेलं असतं, आणि शेजाऱ्यानेही तोच भाव बघितलाय हे कोणीच हिशेबात धरलेलं नसतं. काढणीला तीन-चार महिने लागतात. तोवर माल उदंड होतो आणि भाव कोसळतो. त्या फटक्याने पुढच्या खेपेला लागवड घटते, आणि तेव्हा नेमका भाव चढतो. शेअर बाजारात यात एक जास्तीची मेख आहे. कांद्याची लागवड वाढली की भाव पुढे पडतो. शेअरच्या एखाद्या शैलीत पैसा ओतला गेला की तिचा भाव आधी वर जातो. म्हणजे चूक करणाऱ्याला काही काळ आपण बरोबर असल्याचा पुरावा मिळत राहतो. त्या पुराव्यावर आणखी माणसं येतात.

निकोलस बार्बेरिस आणि आंद्रेई श्लायफर या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हेच गणिती रूपात मांडलं. त्यांच्या प्रतिकृतीतले गुंतवणूकदार कंपन्या बघत नाहीत, शैलीचा ताजा परतावा बघून इकडचा पैसा तिकडे नेतात. परिणाम असा, की एका शैलीत मोडणारे शेअर, त्यांच्या धंद्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला तरी, हातात हात घालून चढतात-उतरतात. भाव मूल्याच्या पलीकडे जातो आणि कालांतराने परत फिरतो.

हे केवळ कागदावरचं नाही. मायकेल कूपर, हुसेयिन गुलेन आणि राघवेंद्र राऊ यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या अशा फंडांचा अभ्यास छापला, ज्यांनी त्या वेळी चलतीत असलेल्या शैलीकडे झुकणारं नवं नाव घेतलं होतं. व्हॅल्यूची चलती तर नावात व्हॅल्यू, ग्रोथची तर ग्रोथ. पुढच्या वर्षभरात अशा फंडांत अपेक्षेपेक्षा सरासरी २८ टक्के जास्त पैसा आला. कामगिरी सुधारली नाही. त्याहून मजा म्हणजे ज्यांनी नावासोबत आतले शेअरही बदलले आणि ज्यांनी फक्त पाटी रंगवली, त्या दोघांकडेही पैसा जवळपास सारखाच आला.

पैसा उशिरा येतो म्हणजे नेमकं काय होतं, हे केन हीबनर यांच्या सीजीएम फोकस या फंडावरून स्वच्छ दिसतं. २००० ते २००९ या दशकात अमेरिकी शेअर बाजार एकुणात तोट्यात गेला, पण या फंडाने वर्षाला सरासरी १८ टक्क्यांहून अधिक परतावा दिला. विविध कंपन्यांत गुंतवणूक करणाऱ्या फंडांत दशकाचा पहिला नंबर. त्याच दशकात त्या फंडातल्या सरासरी डॉलरने वर्षाला ११ टक्के गमावले. फंड कमावतो आणि फंडातले लोक गमावतात, हे कसं शक्य आहे?

हिशेब छोट्या आकड्यांवर करून पाहू. २००७ मध्ये फंड ८० टक्के वाढला, २००८ मध्ये ४८ टक्के पडला. जानेवारी २००७ पासून आत असलेल्या माणसाच्या १०,००० डॉलरचे आधी १८,००० झाले, मग ९,३६०. दोन वर्षांत ६४० डॉलरची खोट. दुखतं, पण माणूस उभा राहतो. फंडाच्या कागदावरही एवढीच खोट दिसते. पण ८० टक्क्यांचा आकडा वर्तमानपत्रात वाचून जानेवारी २००८ मध्ये जो आला, त्याच्या १०,००० चे ५,२०० झाले. आणि असे लोक थोडेथोडके नव्हते. त्या एका वर्षात २६० कोटी डॉलर नव्याने आले. चांगलं वर्ष थोड्या पैशाने भोगलं, वाईट वर्ष पुष्कळ पैशाने. फंडाचा परतावा मोजताना किती पैसा कधी आत होता हे बघत नाहीत. माणसाच्या खिशाचा परतावा फक्त त्यावरच ठरतो.

इथे हुशार वाचक हरकत घेईल. जे वर जातंय ते काही काळ वरच जात राहतं, असं मोमेंटमवाले म्हणतात ना? मग चालत्या शैलीच्या मागे जाण्यात चूक काय?

हरकत रास्त आहे. १९९३ मध्ये नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९६५ ते १९८९ या काळातले अमेरिकी शेअर तपासले. मागच्या सहा महिन्यांत जे शेअर सर्वांत जास्त वाढले ते घ्यायचे, सर्वांत जास्त पडले ते विकायचे आणि सहा महिने धरून ठेवायचं, असं केलं असतं तर वर्षाला सुमारे १२ टक्के जास्तीचे मिळाले असते. पण त्याच्या आठ वर्षं आधी, १९८५ मध्ये, वर्नर डी बॉन्ट आणि रिचर्ड थेलर यांनी उलटं दाखवलं होतं. त्यांनी मागची तीन ते पाच वर्षं बघितली. त्या काळात जे सर्वांत जास्त पडले असे ३५ शेअर एकीकडे आणि जे शिखरावर पोचले असे ३५ दुसरीकडे. पुढच्या ३६ महिन्यांत पडलेल्यांनी चढलेल्यांना सुमारे २५ टक्क्यांनी मागे टाकलं.

दोन्ही निष्कर्ष खरे आहेत, कारण दोघांच्या हातातली फूटपट्टी वेगळी आहे. महिन्यांच्या मापाने मोजलं तर चाल पुढे चालू राहते. वर्षांच्या मापाने मोजलं तर ती उलटते. आता मोबाइलवरचं गुंतवणुकीचं कोणतंही अ‍ॅप उघडा. फंडांची यादी, शेजारी परताव्याचे रकाने: १ वर्ष, ३ वर्षे, ५ वर्षे. बोट बहुधा मधल्या रकान्यावर जातं. एक वर्ष फार थोडं वाटतं, पाच वर्षांपूर्वी फंडच नव्हता, म्हणून तीन. बाण दाबला की सगळ्यांत मोठा आकडा वर. संयमी, अभ्यासू माणूस म्हणून तीन वर्षांचा आकडा बघणारा गृहस्थ अशा रीतीने नेमका त्या मापावर येऊन थांबतो, जिथे गेल्या वेळचे विजेते मागे पडायला लागतात. सहा महिन्यांचा आकडा बघून उडी मारणारा उथळ सटोडिया निदान कागदावर तरी त्याच्यापेक्षा बऱ्या जागी उभा असतो. प्रस्तुत लेखकाला या सगळ्या विषयात याहून क्रूर विनोद सापडलेला नाही.

एकट्यादुकट्या माणसाची ही चूक समजावी, तर मोठ्या संस्थाही त्याच रांगेत. अमित गोयल आणि सुनील वहाल यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेन्शन फंड आणि तत्सम ३,४०० अमेरिकी संस्थांचे १९९४ ते २००३ मधले निर्णय तपासले. या संस्थांकडे सल्लागार असतात, समित्या असतात, जाडजूड अहवाल असतात. नवा व्यवस्थापक नेमताना त्यांनी काय बघितलं? मागच्या तीन वर्षांची झळाळती कामगिरी. नेमणुकीनंतर ती झळाळी गेली. जास्तीचा परतावा जवळजवळ शून्यावर आला. ज्यांना काढून टाकलं त्यांनाच ठेवलं असतं तरी काही बिघडलं नसतं, असा निष्कर्ष निघाला. तरी समितीच्या टेबलावर बसलेल्या माणसाची बाजू समजून घ्यायला हवी. तीन वर्षं मागे पडलेल्या व्यवस्थापकाला राखणं हे सभेत सांगायला अवघड असतं; पहिल्या नंबरवाल्याला आणणं सोपं. नंतर तोटा झाला तरी कोणी नाव ठेवत नाही.

दलाल स्ट्रीटवर हा खेळ थोड्या वेगळ्या कपड्यांत चालतो. आपल्याकडे ग्रोथ-व्हॅल्यू हे शब्द उशिरा रुळले. लोक ‘थीम’ आणि ‘कॅप’ यांच्या मागे जातात. २००७ मध्ये वीज आणि पायाभूत सुविधा यांचा बोलबाला होता. १० जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २१,२०० च्या पलीकडे टेकला आणि पाचच दिवसांनी रिलायन्स पॉवरचा इश्यू उघडला. ४५० रुपयांच्या भावाला सुमारे ७३ पट मागणी आली. ११ फेब्रुवारीला शेअरची नोंदणी झाली तेव्हा पहिल्याच दिवशी तो चारशेच्या खाली बंद झाला, आणि वर्षभर बाजार पडतच राहिला.

मग २०१७. निफ्टी स्मॉलकॅप १०० निर्देशांक त्या वर्षात सुमारे ५७ टक्के वाढला. मोठ्या कंपन्यांच्या निफ्टीची वाढ त्याच्या निम्मी. साहजिकच २०१८च्या जानेवारीत स्मॉलकॅप फंडांच्या जाहिराती आणि चौकशा दोन्ही वाढल्या. २०१८ मध्ये तोच निर्देशांक सुमारे २९ टक्के घसरला आणि निफ्टी तीन टक्क्यांनी का होईना, वर राहिला. १०० चे १५७ झाले ते आधीच्यांचे. नंतर आलेल्यांच्या १०० चे ७१.

रकाना कसा फसवतो याचा सर्वांत सोपा नमुना मार्च २०२१चा. २३ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या भीतीत, सेन्सेक्स २५,९८१ वर बंद झाला. बरोबर वर्षाने तो ५०,०५१ होता. म्हणजे साध्या इंडेक्स फंडासमोरही ‘१ वर्ष’ या रकान्यात नव्वदीच्या पुढचा आकडा झळकत होता. पण मार्च २०१९च्या तिसऱ्या आठवड्यात सेन्सेक्स ३८,१६४ च्या आसपास होता; तिथून मोजलं तर वर्षाला साडेचौदा टक्के. निर्देशांक तोच, शेवटचा दिवस तोच, फक्त पहिला दिवस सरकला. ज्या शैली टाळेबंदीत सर्वांत जास्त आपटल्या होत्या, त्यांचे आकडे तर याहून डोळे दिपवणारे होते. त्यांत धडाडी किती आणि नुसतं आधीचं खड्ड्यात असणं किती, हे रकाना सांगत नाही.

२०२४ मध्ये पाळी मोमेंटमची. मागची दोन-तीन वर्षं त्या निर्देशांकांनी निफ्टीला मागे टाकलं होतं, तेव्हा एकामागून एक फंड घराण्याने मोमेंटमचे नवे फंड बाजारात आणले. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस निफ्टी २६,२०० च्या वर पोचला आणि मार्च २०२५ च्या आरंभापर्यंत सुमारे १६ टक्के उतरला. मोमेंटमवाले त्याहून कितीतरी जास्त उतरले.

शैली बदलण्याचं भाडंही द्यावं लागतं, ते वेगळंच. एकाच फंड घराण्यात एका योजनेतून दुसरीत ‘स्विच’ केलं तरी कायद्याच्या लेखी ती विक्रीच. २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर; वर्षानंतर, वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. शिवाय बहुतेक इक्विटी फंडांत वर्षाच्या आत बाहेर पडलं की एक टक्का एक्झिट लोड. दर दोन वर्षांनी घर बदलणाऱ्या भाडेकरूला टेम्पोवाला जसा पाठ होतो, तसा हा खर्च सवयीने दिसेनासा होतो.

मग ग्रॅहमच्या घराण्यात एकदा गंडा बांधून स्वस्थ बसावं? तेही बोलणं सोपं. २००७ नंतर अमेरिकेत व्हॅल्यू शैली तेरा-चौदा वर्षं मार खात राहिली. एकट्या २०२० मध्ये रसेल १००० ग्रोथ निर्देशांक ३८ टक्क्यांहून अधिक वाढला आणि व्हॅल्यूचा जोडीदार तीन टक्केही नाही. इतका काळ कळ काढणारा माणूस विरळा. आणि वळण येतं तेव्हा निरोप पाठवून येत नाही. ९ नोव्हेंबर २०२०, सोमवार. फायझरची करोनावरची लस नव्वद टक्क्यांहून परिणामकारक असल्याची बातमी सकाळी आली. त्या दिवशी विमान कंपन्या आणि बँका उसळल्या, आणि घरबसल्या कामाची लाडकी कंपनी झूम एका दिवसात १७ टक्के पडली. तीन वर्षांच्या रकान्यात या दिवसाचं प्रतिबिंब पडायला पुढे कित्येक महिने गेले. २०२२ मध्ये रसेल ग्रोथ २९ टक्के घसरला, व्हॅल्यू साडेसात.

रॉबर्टसन यांची गोष्ट त्या पत्रापाशी संपली नाही. पेढी बंद केल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशातून हाताखालच्या तरुणांना फंड काढून दिले. त्यांतला एक चेस कोलमन, टायगरमध्ये तंत्रज्ञान कंपन्यांचा अभ्यास करणारा. २००१ मध्ये, इंटरनेटचं नाव काढलं तरी लोक तोंड फिरवत होते तेव्हा, रॉबर्टसन यांनी त्याला सुमारे अडीच कोटी डॉलर दिले. तोच फंड पुढे टायगर ग्लोबल झाला, फ्लिपकार्टमध्ये सुरुवातीच्या काळात पैसा घालणाऱ्यांपैकी एक. ज्यांनी डॉटकॉमला हात लावला नाही त्यांच्याच पैशावर उभा राहिलेला हा फंड जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रोथ गुंतवणूकदारांत गणला गेला. २०२० मध्ये त्याच्या मुख्य हेज फंडाने सुमारे ४८ टक्के कमावले. २०२२ मध्ये ५६ टक्के गमावले. त्याच वर्षी २३ ऑगस्टला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ज्युलियन रॉबर्टसन वारले.